जुनी कढई

"जाड बुडाची लोखंडी घ्या, ओतायला चोच असलेली," दुकानदार म्हणाला. "शिसं उघड्यावर वितळवा, वाऱ्याकडे पाठ करून. आणि हिला स्वयंपाकघराचं तोंड दाखवू नका."

हिराजीनं पैसे मोजून दिले. जाळ्याची शिशाची वजनं तो बापासारखीच घरच्या चुलीवर ओतायचा, मच्छी तळायच्या कढईत शिसं वितळवून. मागाहून त्याची बायको चांगुणा ती कढई राखेनं लख्ख घासायची आणि लेकीसाठी तिच्यातच शिरा परतायची. गेल्या महिन्यात लेकीचं रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, अंगात शिसं भिनलंय. दिवसभर टकळी चालवणारी पोर आता स्वतःचं नाव सांगतानाही अडखळायची.

नवी कढई घेऊन तो अंगणात शिरला. चांगुणा जुनी कढई पुढ्यात घेऊन बसली होती. काथ्यानं घासून घासून तिची बोटं सोलवटली होती.

"अगं, टाकून दे ती."

तिनं वर पाहिलं नाही. "माझंच घासणं कमी पडलं," ती म्हणाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. हिराजीनं नवी कढई बाजूला ठेवली. त्यानं मूठभर राख घेतली आणि तिच्यासमोर बसून तोही घासू लागला.