कळल्या दिवसापासून

वडिलांचं, शिवरामचं, वर्षश्राद्ध झालं त्या वर्षीच्या मे महिन्यात सुदेश बायकापोरांना घेऊन थायलंडला निघाला. मंगळवार होता. चार वाजता गाडी येणार होती. अडीच वाजता तो डोंबिवलीच्या घरी बाहेरच्या खोलीत उभा राहून गुरुजींशी बोलत होता. एका हातात वजनाच्या काट्याला लटकवलेली बॅग होती, म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता.

आतल्या खोलीत खाटेवर त्याची आई, हौसाबाई, पडून होती. पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी आठ-पंधरा दिवस सांगितले होते, त्याला आता बारा दिवस झाले होते.

"गुरुजी, समजा घरात कोणी गेलं आणि मुलगा परदेशात आहे. त्याला कळलंच नाही. तर सुतक कसं?"

"आईवडिलांपैकी कोणी का?"

"हो. समजा म्हणतोय."

"मग कळल्या दिवसापासून दहा दिवस. कळेपर्यंत काही लागत नाही. पण सुदेशराव, इतक्या जवळच्या माणसाला कळवणार नाहीत का?"

"तिकडे नेटवर्क नसतं हो," सुदेश म्हणाला. फोन ठेवून त्याने काट्यावरचा आकडा बघितला. "सात किलो चारशे. सातच चालतात. ऐश्वर्या, चिवडा काढ."

"चिवडा काढला तर पोरं खाणार काय? तिथे किडे तळून विकतात. तुमचं जॅकेट काढा."

त्याने जॅकेट काढलं.

हौसाबाईने सगळं ऐकलं. आजारात अंग गेलं होतं, कान शाबूत होते. दहा वर्षांची शिवानी नवे बूट घालून आत आली आणि खाटेच्या कडेला बसली.

"आजी, तू रविवारपर्यंत मरू नको हं."

"कोन म्हनलं मी मरनार म्हनून?"

"मम्मी. ती म्हणाली, मागच्या वर्षी आजोबांनी आपली तिकिटं बुडवली, आता आजीची पाळी."

"रविवारी किती वाजता येताय?"

"दुपारी."

"बरं. मंग दुपारनंतर बघते."

शिवानीचं समाधान झालं. ती बूट वाजवत बाहेर गेली.

तेवढ्यात सुदेश विमलाबाईला घेऊन दाराशी आला. ती विठ्ठलवाडीहून यायची, आजारी माणसांचं करायची. पाच दिवस ती इथेच राहणार होती.

"मला फोन करायचा नाही," सुदेश तिला सांगत होता. "काहीही झालं तरी नाही. ऐश्वर्याच्या भावाला करा, मुकुलला. तो कल्याणहून अर्ध्या तासात येतो. त्याने तिथल्या एका दवाखान्यात बोलून ठेवलंय. चार-पाच दिवस ठेवतात ते, बर्फात. बाकीचं आम्ही आल्यावर बघू."

विमलाबाईने खाटेकडे पाहिलं. "दादा, जाग्या आहेत त्या."

"तिला ऐकू कमी येतं."

"सुद्या," हौसाबाईने हाक मारली. "हिकडं ये."

तो आला. तिच्या पायाशी बसला आणि चादर सारखी करू लागला.

"तुला कळंना तवर मी जितीच म्हन की."

"असं नाही गं आई. पोरांची पहिली वेळ आहे. पैसे परत देत नाहीत ते. मागच्या वेळी सगळे बुडाले, तुला माहितीय."

"जा की. मी कुठं नगं म्हनते?" तिला धाप लागली. विमलाबाईने पाठीला हात लावला. "येवढंच कर. देवाम्होरं गंगेचा गडू हाय. दोन थेंब आत्ताच घाल माज्या तोंडात. तुज्या हातचं. मंग कुठंबी जा."

सुदेश उठला. देव्हारा चार पावलांवर होता. त्याने गडू हातातही घेतला.

"अहो," ऐश्वर्या दारातून म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "निघताना ते नको. पोरं पहिल्यांदा विमानात बसतायत."

सुदेशने गडूकडे पाहिलं, मग पोरांकडे पाहिलं. आर्यन पाठीवर सॅक लावून उड्या मारत होता. सुदेशने गडू होता तिथे ठेवला.

"आल्यावर घालतो, आई. रविवारी आल्या आल्या."



ऐश्वर्याने स्वयंपाकघरातून दहीसाखरेची वाटी आणली. घरातल्या थोरल्या बाईने निघणाऱ्याच्या हातावर दही घालावं, ही त्यांच्याकडची रीत. तिने सासूच्या हातात चमचा दिला. विमलाबाईने मनगटाखाली आधार दिला. खाटेजवळ चार तळवे पुढे आले. हौसाबाईने चौघांच्या तळहातावर दही घातलं, आर्यनचं थोडं चादरीवर सांडलं. त्याने उरलेलं चाटलं आणि हात पॅन्टला पुसला.

"सुखानं जावा, सुखानं या," हौसाबाई म्हणाली.

सुदेश पाया पडला. खालून गाडीवाल्याने हॉर्न दिला. जिना उतरताना पोरांचं भांडण चाललं होतं, खिडकीत कोण बसणार म्हणून. खिडकीच्या जागेला वेगळे पैसे पडतात, कोणीच बसणार नाही, असं ऐश्वर्याने सांगितलं.

रविवारी संध्याकाळी मुकुलने सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं. श्रीमती हौसाबाई शिवराम मोहिते, दुःखद निधन, रविवार दिनांक बारा मे. सुतकाचे दहा दिवस तिथूनच धरले. हौसाबाई वारली ती बुधवारी, आठ मेला, दुपारी सव्वातीन वाजता.