दोरीच्या टोकाचं रीळ

थेरपिस्टबाईंच्या मंद आवाजामागोमाग दर गुरुवारी डोळे मिटून मी लहानपणीच्या आठवणीत पायऱ्या उतरत असे. खाली धुकं, साठवणीच्या बटाट्यांचा वास, दिवा लावायची लोंबती दोरी, तिच्या टोकाला बांधलेलं लाकडी रीळ आणि मागे एका पुरुषाचा श्वास. तो पुरुष म्हणजे बाबाच, असं आम्हा दोघींचं ठरलं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात मी ते सगळं, रिळासकट, आईबाबांसमोर बोलून टाकलं. टर्की कापणारा बाबांचा हात थांबला. "मार्ला, तुझ्या बाई कधी इथं आल्यात का? आपल्या घराला तळघर कुठंय?" खरंच नव्हतं. पायऱ्या बाईंच्या आवाजातल्याच होत्या. मी बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. आई मात्र ताटाकडे बघत होती. "सुट्टीत तुला माझ्या वडिलांकडे ठेवायचो," ती म्हणाली. "तिथल्या तळघरात दिव्याची दोरी उंच होती. लहानपणी माझा हात पुरेना, म्हणून ते रीळ मीच बांधलं होतं."