आगाऊ सही

दुपारी चारच्या सुमाराला दवाखान्यातल्या मदतनीस ताईंनी कुलपातल्या औषधांची वही उघडली. नवं पान लागणार होतं, त्यावर सह्या करून ठेवायच्या होत्या.

जनावरांच्या दवाखान्यात काही औषधं कुलपात ठेवावी लागतात आणि त्यांच्या थेंबाथेंबाला दोन सह्या लागतात, देणाऱ्याची आणि बघणाऱ्याची. डॉक्टर देत, ताई बघत. म्हणजे नियमाप्रमाणे बघत. खरं तर दोन्ही हातांनी कुत्र्याचं तोंड धरलेलं असताना सहीला कोण धावणार? म्हणून 'साक्षीदार' या रकान्यात त्या अख्ख्या पानावर एकदमच सह्या ठोकून मोकळ्या होत. डॉक्टरांना हे मुळीच खपत नसे. मांजराच्या पिल्लाला दोन थेंब दिले तरी ते वहीत चढल्याशिवाय हा माणूस चहाच्या कपाला हात लावत नसे. वयाने मोठ्या म्हणून ताईंना ते ताई म्हणत, पण आगाऊ सहीवरून बोलायचे ते बोलायचेच. गेले दोन महिने मात्र काही बोलले नव्हते. चला, सुधारले एकदाचे, असं ताईंना वाटलं होतं.

जुन्या पानावरची शेवटची ओळ रिकामी असायला हवी होती. ती भरलेली होती. अक्षर डॉक्टरांचं, नेहमीसारखं वाटोळं. तारीख आजची, वेळ संध्याकाळी सातची. ताईंना हसू आलं. सातला कोण तडमडतंय? सहाला तर आपण दार लावतो. मग त्यांनी पुढचं वाचलं.

औषध: कायमचं झोपवण्याचं. प्राणी: नर. वय: अठ्ठावन्न वर्षं. वजन: बहात्तर किलो. मालक: कोणी नाही.

अठ्ठावन्न वर्षांचं कुत्रं कुणी पाहिलंय? अठ्ठावन्न तर डॉक्टरांचं वय. ओळीच्या टोकाला, सोमवारीच करून ठेवलेली, त्यांची स्वतःची सही होती.

दुसरा कुणी असता तर गुपचूप बाटली उचलून चालता झाला असता. हा माणूस नोंद केल्याशिवाय मरायलाही तयार नव्हता. ताईंना त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

आधी त्यांनी बाहेर जाऊन डॉक्टरांच्या बहिणीला फोन लावला. काय वाचलं ते सांगितलं. "असाल तशा निघा," म्हणाल्या. बहिणीला पोचायला दोन तास लागणार होते.

आत डॉक्टर एका पोपटाची नखं कापत होते. पोपट शिव्या देत होता आणि डॉक्टर त्याला अहोजाहो करत होते. मालकीण पिंजरा घेऊन गेली तशी ताईंनी दार लोटलं.

"कपाटाची किल्ली द्या."

"किल्ली माझ्याकडेच ठेवायची असते, ताई. नियम आहे."

"द्या म्हणते ना."

त्यांनी दिली. हुज्जत नाही, काही नाही. त्या निमूट देण्यानेच ताई जास्त घाबरल्या. त्यांनी कपाट उघडलं. वहीप्रमाणे त्या औषधाच्या चार बाटल्या हव्या होत्या. तीन होत्या.

त्यांनी वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. डॉक्टरांनी त्या बोटाकडे पाहिलं.

"तुम्ही सहाला घरी जाता," ते म्हणाले. "तुम्हाला बघावं लागू नये म्हणून सातची वेळ घातली. दमलोय हो, ताई."

"दिसलं नाही मला." ताई म्हणाल्या. "दोन महिने डोळ्यांसमोर होतात आणि मी आपली न बघता सह्या करत बसले."

ताईंनी स्टूल ओढलं, दाराला पाठ लावून बसल्या.

"तुमची बहीण निघालीय. ती येईपर्यंत मी इथून हलत नाही. साक्षीदार आहे ना मी?"

"लिहिलेली ओळ खोडता येत नाही," डॉक्टर हळूच म्हणाले.

"खोडू नका. पुरी करा."

डॉक्टरांनी पेन उचललं. 'वापर' या रकान्यात थांबत थांबत शून्य काढलं. 'शिल्लक' या रकान्यापाशी पेन अडलं.

"चार लिहा," ताई म्हणाल्या.

"कपाटात तीनच आहेत. खोटं कसं लिहू?"

डॉक्टरांचा डावा हात कोटाच्या खिशात होता, तो बाहेर येत नव्हता. ताईंनी आपला तळहात टेबलावर उघडा ठेवला आणि त्या बघत राहिल्या.