खिडकीवरची शिकवणी

'शिकवायचं कसं' हे शिकवणारं शिबिर झुलाल जळगावला करून आला, आणि धुळ्याच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवरची रांग हलेनाशी झाली. हा शिकाऊ फार्मासिस्ट नुसत्या गोळ्या देऊन कुणाला सोडायचाच नाही. त्या कशा घ्यायच्या, हे पेशंटकडूनच वदवून घ्यायचा.

"अक्का, आता तुम्ही सांगा, कशी घ्यायची?" तो म्हाताऱ्या धुरपदाबाईंना दर खेपेला विचारायचा.

"सकायले, भाकर खाईसन, एक," त्या ठासून सांगायच्या आणि त्याच्याकडे काळजीने बघायच्या.

झुलालची परीक्षा घ्यायला मोठे साहेब खिडकीशी येऊन उभे राहिले. धुरपदाबाईंनी घडाघडा उत्तर दिलं. साहेबांनी कौतुकाने मान डोलावली.

तशा त्या साहेबांजवळ सरकल्या.



"साहेब, पोऱ्याले पास करी टाका. समदं शिकाडेल शे मी त्याले."