सहाव्या पंखावरचा बर्फ

धावपट्टीच्या कडेला सहा छोटी विमानं उभी होती. पाचांच्या पंखांवर पिठासारखं पांढरं हिम भुरभुरलं होतं. सहाव्याच्या पंखावर मात्र काचेसारखा नितळ बर्फ होता आणि मागच्या कडेला त्याच्या नऊ कांड्या लोंबत होत्या.

सहावं बाबांचं.

"तिसऱ्यांदा!" बाबा म्हणाले. "नशीबच फुटकं!"

वयामुळे आता लायसन टिकवायचं तर परीक्षकाला शेजारी बसवून उडून दाखवावं लागणार होतं. पंखावर इतका बर्फ असताना विमान नीट उचललं जात नाही. त्यात पंखाच्या हलत्या झडपांच्या बिजागऱ्याही गोठलेल्या.

"उद्या सकाळी येतो," परीक्षक म्हणाले. "मुदतीचा शेवटचा दिवस आहे, काका."

ते गेल्यावर लेक पंखाजवळ वाकली. "बाबा, हवेतली वाफ गोठली की पांढरी, खरखरीत दिसते. हे पाणी आधी वाहिलंय, मग गोठलंय. पाऊस तर नव्हता. कुणीतरी ओतलंय."

"झाली हिची प्रयोगशाळा सुरू! तो तापमापक वाच बघू."

"उणे चार. तुमच्या नाकासमोर तर आहे."

"चष्म्यावर वाफ धरलीय गं."

धावपट्टी बाबांच्याच मालकीची होती आणि तिच्या फाटकाच्या दोनच किल्ल्या होत्या. एक बाबांकडे, एक आईकडे. आणि 'या वयात कसली मेली हौस' हे आईचं रोजचं पालुपद.

घरी आई मोजे रफू करत होती.

"आई, विमानावर पाणी तू ओततेस?"

आईनं दातांनी दोरा तोडला. "तसं समज."

"अगं, बाबांचा जीव आहे त्या विमानात!"

"म्हणूनच."

"किल्ली दे."

आईनं ती काढून दिली. "त्यांना मात्र एका शब्दानं विचारू नकोस."

बाबांनी चहा ओतला. निम्मा कपात, निम्मा टेबलावर. "थंडीनं हात कापतात," ते हसले. मग टोपी चढवली. "आज पंखांवर ताडपत्रीच बांधून येतो. बघू बर्फ कसा धरतो!"

रात्री लेक आईच्या शेजारी झोपली. आईची किल्ली लेकीच्या उशीखाली होती.

सकाळी परीक्षक वेळेवर आले. पाच विमानं पांढरी होती. सहाव्यावरची ताडपत्री जागच्या जागी होती, बाबांच्या नेहमीच्या दुहेरी गाठी तशाच. लेकीनं त्या सोडल्या. ताडपत्री पंखाला चिकटली होती. बापलेकीनं मिळून ती ओढून काढली.

लेकीनं खिशातून मोजपट्टी काढली.

ताडपत्रीखालचा बर्फ तीन मिलिमीटर भरला. "नशीबच फुटकं, बाबा," ती म्हणाली.