पातेल्याची दुसरी कडी

दर सणाला आमच्याकडे सफरचंदाचा रस उकळतो आणि त्यात प्रत्येकाने आपापली वस्तू आपल्याच हाताने टाकायची, असा आईचा दंडक. काकूची दालचिनी, शिंपीकाकांच्या लवंगा, माझी संत्र्याची साल, धाकट्या भावाचं आलं. बाबांच्या आजारपणावरून भांडल्यापासून आम्हा भावांत अबोला. यंदा धाकट्याचा पत्ता नाही. “घरात आलं आहे, मीच किसतो,” मी म्हणालो. “आलं आहे रे, टाकणारा कुठाय?” आईने गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि पातेल्याची एक कडी फडक्याने धरली. “दुसरी तू धर.” “त्याच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही!” “नको ठेवूस. पातेलं धर.” दोन गल्ल्या चालून आईने कोपराने बेल दाबली. त्याने दार उघडलं. आई मिठाची गुळणी धरून उभी. माझी बोटं भाजत होती. “बघतोस काय, गाढवा,” मी ओरडलो, “आलं किस!”