अवलंबून

शर्वाणीचं टॅक्स रिटर्न नामंजूर होऊन परत आलं होतं. कॉलेजच्या मदतकक्षातल्या बाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "तू आपल्यावर अवलंबून आहेस, असं कुणीतरी आधीच स्वतःच्या रिटर्नमध्ये भरून टाकलंय; तसं दाखवलं की त्यांचा कर कमी होतो. बहुधा तुझ्या वडिलांनी."

शर्वाणीचा कानांवर विश्वास बसेना. इंजिनिअरिंग सोडून ती शिल्पकला शिकायला लागली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "आम्हाला मुलगी नव्हतीच असं समजू." त्याला वर्ष उलटलं. न्यू जर्सीतल्या आईबाबांच्या घरून ना फोन आला, ना पैसे. फी, भाडं, जेवण, सगळं ती बेकरीत राबून भागवत होती. आणि आता कर वाचवायला मुलगी आठवली?

बाहेरच्या जिन्यातच तिने फोन लावला. "बाबा, मी स्वतःच्या पायावर उभी आहे. कर वाचवायला माझं नाव कसं घातलंत?"



"कराचं डोक्यातही नव्हतं गं," बाबांचा आवाज ओळखू येईना, इतका थकला होता. "दरवर्षी विचारतात, मुलं किती. एक लिहिलं. नाही असं लिहायला हात धजावेना."

शर्वाणी पायरीवर बसली. 

"चुकलं असेल तर दुरुस्त करतो," बाबा म्हणाले. "नाव काढावं लागेल ना तुझं?"

"त्या कागदावरून काढा, बाबा," ती कशीबशी म्हणाली. "फक्त तेवढ्यावरूनच."